नोंद गेली, फोटो राहिला

राहू गावच्या ज्ञानू आबांची मुलगी सुषमा दौंडला कॉम्प्युटर शिकवायची. स्टेशनबाहेर कापडाच्या दुकानावर दोन खोल्यांचा क्लास होता. जिन्यावर चपलांचा ढीग, आत पंख्याची घरघर आणि भिंतीला लागून मशिनांची रांग. पोरं तिला मॅडम म्हणायची आणि वचकून असायची. रागावली की तिचा आवाज चढत नसे, उलट खाली उतरायचा. रेल्वे कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, बाई हुशार आहे, पण हसत नाही. तिच्या न हसण्याला एक कारण होतं. ते कारण शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठच्या एका गावात राहत होतं. त्याचं नाव बिरदेव.

गोष्ट ब्याण्णव सालातली. आबांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. आबांनी विहीर पाडली, ऊस केला आणि मेंढरांमागं फिरणारा वाडा एका जागी बसवला. सुषमा बारावी झाली तेव्हा सोयरीक बघायला सुरुवात झाली. दौंडच्या स्टुडिओत जाऊन तिचा एक रंगीत फोटो काढला. मामीची साडी, आत्याची बोरमाळ, मागं पडद्यावर रंगवलेला तलाव.

त्या वेळी त्या भागात एक रीत होती. मुलीचा फोटो मध्यस्थाबरोबर मुलाच्या घरी जायचा. मुलगी पसंत नसेल तर तोंडानं कोणी नाही म्हणायचं नाही. फोटो गुपचूप परत यायचा, तोच नकार. त्यात कोणाचा अपमान नव्हता. पण जोवर फोटो परत आला नाही तोवर बोलणी चालू आहेत असं सगळे धरून चालायचे, आणि दुसरं कोणी त्या मुलीच्या दाराकडं वळायचं नाही.

सुषमाचा फोटो बिरदेवच्या घरी गेला. त्याचा स्वतःचा ट्रक होता आणि गाळपाच्या हंगामात तो पाटसच्या साखर कारखान्यावर ऊस वाहायला लागायचा. मध्यस्थ म्हणाला, पोरगा कमावता आहे. महिने गेले. निरोप आला नाही आणि फोटोही आला नाही. शेवटी आबा स्वतः एसटीनं गेले. बिरदेवची आई कुशाबाई ओट्यावर गहू निवडत होती. तिनं आबांना पाणी दिलं, चहा दिला. फोटोचं विचारल्यावर म्हणाली, "पोरानं कुठं ठिवलाय कुणास ठावं. घावला की धाडू. आन् फोटूच हाय आबा, पोरगी तर तुमच्याच घरात हाय न्हवं?"

आत बसलेली माणसं हसली. आबाही कसनुसं हसले आणि उठले. त्यानंतरही ते जाऊन आले. दर वेळी चहा मिळाला, फोटो मिळाला नाही.

तो कुठं होता ते सुषमाच्या भावाला, हनुमंताला, कारखान्याच्या रांगेत कळलं. हनुमंता ट्रॅक्टर घेऊन उभा होता. पुढं बिरदेवचा ट्रक. ड्रायव्हर लोक त्याच्या केबिनपाशी गोळा झाले होते. आत आरशाशेजारी, देवांच्या तसबिरींच्या खाली, सुषमाचा फोटो चिकटवलेला होता.

"ही कोण रं, बिरदेवा?"

"आमची व्हणार व्हती. म्याच नगं म्हनलो."

"मग लावलीयास कशाला?"

"रस्त्यात झोप लागू नये म्हनून."

सगळे खिदळले. हनुमंता केबिनच्या पायरीवर चढला. मारामारी झाली, चौघांनी त्याला खाली ओढलं आणि तो फाटका शर्ट घेऊन घरी आला. फोटो केबिनमध्येच राहिला.

त्या घरात मग कोणी पुढचं स्थळ घेऊन आलं नाही. आधी लोक म्हणाले, अजून बोलणी चाललीयेत. दोन हंगामांनी बिरदेवनं दुसरीकडं लग्न केलं, तेव्हा लोक म्हणाले, मग त्यानं फोटो का ठेवला? काहीतरी असणार. आबांनी जाऊ दे म्हटलं. हनुमंतानंही हळूहळू जाऊ दिलं. सुषमानं मात्र काहीच जाऊ दिलं नाही. ती दौंडला आत्याकडं राहायला आली, पॅसेंजरनं पुण्याला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि बारा वर्षं मनात एकच घोकत राहिली. त्याला एकदा तरी दुसऱ्याच्या दारात उभं राहून फोटो परत मागावा लागला पाहिजे.

आता योग पाहा. दोन हजार चार साली समाजाच्या वधू-वर मंडळाला वाटलं की आपली वेबसाईट असावी. मंडळाचे अध्यक्ष सावळाराम मामा, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. त्यांना वेबसाईट म्हणजे काय ते नीट ठाऊक नव्हतं, पण शेजारच्या समाजाची झाली म्हणजे आपलीही झाली पाहिजे एवढं ठाऊक होतं. ते जिना चढून आले आणि म्हणाले, "सुषमा, आपली पोरगी असताना पुण्याच्या माणसाला कशाला गाठायचं? तूच कर."

सुषमानं मान्य केलं. तिनं पहिला प्रश्न विचारला तो मामांना विचित्र वाटला.

"मामा, लग्न ठरल्यावर फोटोचं काय?"

"काय म्हंजी? काढून टाकायचा."

"कोणी?"

"तूच की. दुसरं कोण?"

तिनं ते मनावर घेतलं. वेबसाईटवर फोटो ठेवायच्या दोन तऱ्हा होत्या. एक म्हणजे सगळं डेटाबेसमध्ये घालायचं. डेटाबेस म्हणजे एक लांबरुंद तक्ता. एका ओळीत मुलीचं नाव, गाव, शिक्षण, उंची, मामाचं कूळ, आणि शेवटच्या घरात खुद्द फोटो. ओळ पुसली की फोटोही पुसला गेला, मागं काही उरत नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे तक्त्यात फोटोचं नुसतं नाव लिहायचं आणि फोटो बाजूला एका फोल्डरमध्ये फाईल करून ठेवायचा. त्यात दोन जागा झाल्या. तक्त्यातली ओळ पुसली तरी फोल्डरमधला फोटो आपल्या जागी बसून राहतो, आणि ज्याला त्याचा पत्ता माहीत आहे त्याला तो उघडून बघता येतो.

सुषमानं पहिली तऱ्हा निवडली. दोनदा विचारसुद्धा केला नाही.

पण तेव्हा नेट होतं फोनच्या तारेवरचं. पान उघडायला घेतलं की फोटो कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश उतरायचा. सायबर कॅफेत लोक तासाचे पैसे भरून दोनच मुली बघून उठायचे. पुण्यात संपत नावाचा तिच्या कोर्समधला एक मुलगा होता, त्याच्याकडं वेबसाईटची जागा भाड्यानं घेतली होती. तो फोनवर वैतागायचा.

"मॅडम, अहो फोटो कुणी डेटाबेसमध्ये ठेवतं का? कपाटाच्या ड्रॉवरमध्ये गाद्या कोंबल्यात तुम्ही. फोल्डरमध्ये टाका. पान भरभर उघडेल, बॅकअप हलका होईल, माझ्या सर्व्हरलाही श्वास घेता येईल."

"आणि नोंद काढल्यावर फोटो मागं राहिला तर?"

"तर तो पण काढायचा. दोन ओळींचा तर कोड आहे."

"आणि त्या दोन ओळी एखादा विसरला तर?"

"तुम्ही कशाला विसराल?"

सावळाराम मामांनीही गळ घातली. तिनं ऐकलं नाही. पोरींचे फोटो असे सुटे पडलेले मला चालायचे नाहीत, म्हणाली. मामांना तिची गोष्ट ठाऊक होती, त्यामुळे ते पुढं बोलले नाहीत.

दिवाळीनंतर नोंदणीच्या फॉर्मांचा एक गठ्ठा शिरूरकडून आला. सुषमा एकेक फोटो स्कॅन करून चढवत होती. एका फॉर्मवर मुलीचं नाव होतं धनश्री, शिक्षण बी.ए., आईचं नाव कुशाबाई. भावाच्या रकान्यात लिहिलं होतं, बिरदेव, ट्रक व्यवसाय.

तिनं तो फोटो टेबलावर ठेवला आणि बराच वेळ बघत बसली. गोल चेहऱ्याची, साधी मुलगी. डोळे थेट कॅमेऱ्यात. सुषमा फोटो काढायला बसली होती तेव्हा ही दहा वर्षांची असेल, परकरात हिंडत असेल. हिचा काही दोष नव्हता. सुषमाला ते दिसत होतं. पण तिला आणखीही एक गोष्ट दिसत होती. बिरदेवचा स्वतःचा फोटो सगळ्या जिल्ह्यात लावला असता तरी त्याचं काही बिघडलं नसतं. पुरुषाचा फोटो कुठं फिरला म्हणून कोण विचारतं? त्याला लागेल अशी एकच जागा होती, आणि ती जागा आपण होऊन तिच्या टेबलावर आली होती.

तिनं संपतला फोन लावला.

"फोल्डरमध्ये टाकूया म्हणतोस ते खरं आहे. पान फार हळू उघडतं."

"अरे वा! मॅडम, आज सूर्य कुठून उगवला?"

"स्टेशनाकडून," सुषमा म्हणाली. संपत हसला. ती हसली नाही.

त्या आठवड्यात तिनं सगळे फोटो फोल्डरमध्ये हलवले. पानं खरोखरच पटापट उघडायला लागली. मामांनी पेढे आणले. नोंद पुसायचा कोडही तिनं नव्यानं लिहिला. त्यात तक्त्यातली ओळ पुसायची सोय होती, फाईल पुसायच्या दोन ओळी नव्हत्या. ती विसरली नव्हती. बाकीच्या मुलींची लग्नं ठरली की ती स्वतः फोल्डर उघडून त्यांचे फोटो हातानं काढून टाकायची. त्यात कधी कुचराई केली नाही. एकाच फोटोसाठी तिनं ती फट ठेवली होती आणि ती वाट बघत होती.

वाट फार बघावी लागली नाही. धनश्रीला भिगवणच्या एका शिक्षकाचं स्थळ आलं, ते वेबसाईटवरूनच. पसंती झाली, साखरपुडा झाला. बिरदेवच्या घरून मंडळात फोन आला, आमच्या पोरीचं नाव काढा. मामांनी सांगितलं, सुषमानं त्याच दुपारी नोंद पुसली. यादीतून धनश्री गेली. फोल्डरमध्ये तिचा फोटो राहिला.

नवऱ्या मुलाच्या घरात आई नव्हती, सगळा कारभार म्हाळसा आत्याचा. तिचा दुसरा भाचा, मुलाचा चुलतभाऊ, पुण्यात कंपनीत होता. बघण्याच्या वेळी त्यानंच फोटोचा पत्ता घरच्यांना ईमेलनं धाडला होता. साखरपुड्यानंतर तो ऑफिसात मित्राला वहिनी दाखवायला गेला, तोच पत्ता टाकला आणि फोटो जसाच्या तसा उघडला. त्यानं सहज घरी सांगितलं. म्हाळसा आत्याला ईमेल कळत नव्हतं, पण रीत कळत होती. साखरपुडा झाल्यावरही पोरीचा फोटो मांडलेला आहे, म्हणजे पोरीकडचे अजून दुसरं काही बघतायत. तिनं बिरदेवला निरोप धाडला, "तुमचं दुकान बंद झालं की कळवा, मग आमी लग्नाचं बघू."

बिरदेवनं मंडळाला फोन केला. मामांनी यादी उघडून बघितली, नाव नव्हतं. ते म्हणाले, आमच्याकडून तर काढलंय. पुन्हा भिगवणहून निरोप, अजून दिसतोय. असं दोन-तीनदा झाल्यावर तारीख पुढं ढकलली गेली, आणि एका सकाळी बिरदेव स्वतः दौंडला आला.

सुषमानं त्याला जिन्यातच ओळखलं. पोट सुटलं होतं, कानावर केस पिकले होते. त्यानं तिला ओळखलं नाही. क्लास चालू होता. तो दारात उभा राहिला.

"मॅडम, मंडळाचं कॉम्प्युटर तुमीच बघता न्हवं?"

"बसा बाहेर. तास चालू आहे."

तो बाकावर बसला. एक तास सुटला, दुसरा भरला. सुषमानं मध्ये चहा मागवला, त्यालाही पाठवला. मग त्याला आत बोलावलं, पण पोरांना बाहेर काढलं नाही.

"बोला. काय हवंय?"

"बहिणीचा फोटू काढायचाय."

"मोठ्यानं सांगा, पंख्याचा आवाज आहे."

"बहिणीचा फोटू! तुमच्या त्या साईटीवरचा. परत द्या न्हाईतर पुसून टाका, काईबी करा."

पोरांनी मशिनांवरून माना वळवल्या. सुषमानं यादी उघडून दाखवली. "हे बघा, नाव नाही. नोंद पुसली आहे."

"मग तिकडं भिगवणात दिसतो कसा?"

"नोंद वेगळी, फोटो वेगळा. नोंद तक्त्यात असते. फोटो दुसरीकडं ठेवलेला असतो. नोंद गेली तरी तो राहू शकतो."

"कुठं ठिवलाय मग?"

सुषमानं आवाज खाली आणला. "कुणास ठाऊक. सापडला की पाठवू. आणि फोटोच आहे, बिरदेव. बहीण तर तुमच्याच घरात आहे ना?"

तो तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून आधी राग गेला, मग रंग गेला.

"तू... राहूची... ज्ञानू आबांची व्हय?"

"हो."

"आगं, बारा वर्सं झाली त्याला! आजून धरून बसलीस?"

"माझा फोटो कुठंय?"

"आता कुठला फोटू?"

"केबिनमधला."

त्यानं खिशातून रुमाल काढला. मग म्हणाला, "त्यो ट्रक इकला की म्या. तवाच. त्यातच गेला आसंल."

"कोणाला विकला?"

"एजंटाला. त्यानं फुडं कर्नाटकात कुणाला दिला म्हनं. न्हाई ठावं."

हे तिला नवीन होतं. इतकी वर्षं तो फोटो त्याच्या घरात कुठंतरी असेल असं तिनं धरलं होतं. पेटीत, कपाटात, निदान उकिरड्यात. आता फोटोला पत्ताच नव्हता. कुठल्या अनोळखी माणसाच्या आरशाशेजारी ती बोरमाळ घालून बसली असेल, किती वर्षं, कोण जाणे. मग तिनं फोन त्याच्याकडं सरकवला.

"भिगवणला लावा. आत्याबाईंना सगळं सांगा. तुम्ही काय केलं होतं ते, आणि हा फोटो कोणी ठेवला आणि का, तेही. धनश्रीची त्यात चूक नाही हे त्यांना तुमच्याच तोंडून कळलं पाहिजे."

"हितं? ह्या पोरांम्होरं?"

"तुमच्या वेळी ड्रायव्हर होते."

"मामास्नी सांगीन मी!"

"सांगा की. तोवर फोटो आहे तिथंच राहील."

बिरदेवनं फोन लावला. भिगवणची लाईन खराब होती, नुसती खरखर. तो हळू बोलायला गेला की पलीकडून म्हाळसा आत्या ओरडायची, "आं? मोठ्यांदा बोला!"

"आवो, म्या एका पोरीचा फोटू ठिवून घेतला व्हता!"

"कुणाचा?"

"राहूच्या पोरीचा! परत दिला न्हाई! ट्रकात लावला व्हता!"

"ट्रकात? कशाला?"

त्यानं सुषमाकडं बघितलं. ती त्याच्याकडंच बघत होती.

"दावायला!" तो ओरडला. "लोकास्नी दावायला! मस्करी म्हनून! आता तीच पोरगी हितं कॉम्प्युटरवर हाय, तिनं आमच्या धनश्रीचा मुद्दाम ठिवला! आमची धनश्री कुठं बघत न्हाई, आमी कुनी दुसरं बघत न्हाई!"

क्लासमध्ये कोणी हसलं नाही. खाली कापडाच्या दुकानातसुद्धा ऐकू गेलं असावं, कारण तिथलं बोलणं थांबलं होतं. बिरदेवच्या मानेवरून घाम ओघळत होता. तो थोडा वेळ ऐकत राहिला, मग फोन सुषमापुढं धरला. "तुला मागत्याती."

"बोला, आत्याबाई."

"बाई, तुझं वैर ह्याच्याशी. माझ्या सुनंनं तुझं काय घोडं मारलं व्हतं?"

"काही नाही."

"मग?"

"त्याला दुसऱ्या कशानं लागलं नसतं."

मग आत्यानं विचारलं, "लागलं का?"

"लागलं."

"मग काढ आता."

सुषमानं फोल्डर उघडलं, फोटो निवडला आणि पुसला. मग पुण्यातल्या भाच्याकरवी म्हाळसा आत्यानं खात्री करून घेतली. पान उघडत नव्हतं. बिरदेवनं रुमालानं मान पुसली आणि उठता उठता विचारलं, "आता कुठं दिसायचा न्हाई न्हवं?"

"माझ्याकडून नाही," सुषमा म्हणाली. "मधल्या दिवसांत कोणी आपल्या मशिनवर उतरवून घेतला असेल, तर ते मला कळत नाही. कुणालाच कळत नाही."

तो दारापर्यंत गेला आणि परत वळला. बाकावर बसून चपला शोधत राहिला. त्या त्याच्या पायापाशीच होत्या. सुषमानं पोरांना पुढचा धडा उघडायला सांगितला.

पुढच्या पंधरवड्यात तिनं सगळे फोटो पुन्हा डेटाबेसमध्ये नेले. संपत फोनवर कळवळला, "मॅडम, जग पुढं चाललंय आणि तुम्ही मागं!" मामांनी कुरकुर केली की एक मुलगी उघडेस्तोवर चहा पिऊन होतो. ती म्हणाली, "पिऊन घ्या." ती फट जगात आणखी कोणाला सापडते आणि कोणत्या कारणासाठी, याची तिला आता खात्री वाटत नव्हती. स्वतःचीसुद्धा नव्हती. म्हणून तिनं ती लिंपून टाकली.

बिरदेवबद्दल तिला कधी वाईट वाटलं नाही. तिच्या दौंडच्या आत्यानं एकदा विचारलं, इतकं ताणायला हवं होतं का? ती म्हणाली, आणखी ताणता आलं असतं तर ताणलं असतं. हनुमंताला कळलं तेव्हा तो राहूहून पिशवीभर चिकू घेऊन आला आणि केबिनपासून टेलिफोनपर्यंत सगळं तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. त्या दिवशी मात्र रेल्वे कॉलनीतल्या बायकांनी तिला हसताना ऐकलं.

धनश्रीचं लग्न झालं. पुढच्या वर्षी एकदा पुण्याच्या पॅसेंजरमध्ये सुषमाच्या समोरच्या बाकड्यावर एक बाई येऊन बसली. हिरव्या बांगड्या, काखेत पिशवी, गोल चेहरा, डोळे थेट समोर. केडगाव जवळ आलं. मग ती बाई म्हणाली, "दौंडच्या क्लासच्या मॅडम तुम्हीच का?"

"हो."

"मी धनश्री."

सुषमानं मान हलवली. तिला वाटलं, आपण काहीतरी म्हणायला हवं. तिनं शब्द जुळवायला घेतले आणि गाडी स्टेशनात थांबली. धनश्रीनं पिशवी उचलली, पदर सावरला, खाली उतरली आणि पुढच्या डब्यात जाऊन बसली.